वांग्याची परीक्षा कोणाच्या वावरात?

वऱ्हाडात भंडारा असो, नवस फेडायचा असो की गावजेवण, भाजी कोणती करायची हा प्रश्न कोणी काढत नाही. गोवऱ्यांच्या जगऱ्यात रोडगे भाजतात आणि बाजूच्या चुलाण्यावर मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटते. जेवून उठलेले लोक यजमानाची तारीफ दोन वाक्यांत उरकतात, पण वांगी कोणाच्या मळ्यातली होती याची चर्चा पुढच्या बाजारापर्यंत चालते. फार बियांची होती का, रश्श्यात विरघळली का, देठाला काटा होता का, सगळं निघतं. आमच्याकडे वांग्याचे परीक्षक गल्लीगल्लीत आहेत आणि ते फुकट काम करतात.

ज्याच्यावर इतकं बोललं जातं त्या वांग्याचा लिखित इतिहास शोधायला गेलं, की हाती फारसं लागत नाही. अकोला जिल्ह्याचं गॅझेटिअर १९१० चं, अमरावतीचं १९११ चं. दोन्ही मी अनेकदा चाळली आहेत. कापूस, सरकी, रुई, जिनिंग, बाजार यांनी ती भरलेली आहेत. भाजीपाला आपला कोपऱ्यात. मी अकोटच्या शाळेत इतिहास शिकवला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला कसा भाव आला हे पिढ्यान् पिढ्यांच्या पोरांकडून पाठ करून घेतलं. मात्र घरी आजीच्या हातचं वांगं वेगवेगळ्या गावांच्या पाण्यात कसं बदललं, हा इतिहास शिकवायला पुस्तक नव्हतं. तो मी घरातच ऐकला. हा लेख त्या दोन्ही इतिहासांना एका ओळीत बसवण्यासाठी आहे, कारण दोन्हींत प्रश्न एकच आहे: वाणाची परीक्षा कोण घेतो, कुठे घेतो आणि काय विचारतो.

सुरुवात कापसापासूनच करावी लागेल, कारण वऱ्हाडात बियाण्याची सरकारी परीक्षा कापसानेच सुरू झाली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ला अमेरिकेत युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर या काळ्या मातीवर पडली. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. एका कापूसबाजारासाठी व्हाइसरॉय स्वतः आला, यावरून गरज कोणाची होती ते कळतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नाक. त्याचा प्रश्न मँचेस्टरचा होता: धागा किती लांब? त्या हिशेबात हिंगणघाटची बणी पहिली यायची आणि वऱ्हाडचा आखूड, जाड धाग्याचा कापूस शेवटचा.

कास्तकाराचा प्रश्न वेगळा होता. एका मण कापसातून रुई किती निघते, पाऊस आठ दिवस पुढे गेला तर झाड तग धरतं का, वेचणी कधी संपते. लांब धाग्याची भलामण करणारी सरकारी पत्रकं येत राहिली आणि वऱ्हाडी माणूस आखूड धाग्याचा कापूस पेरत राहिला. शेतीखात्याच्या लोकांनी त्याला अडाणी ठरवलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अकोल्याला सरकारी शेत उभं राहिलं, खात्यात डेव्हिड क्लाउस्टनसारखे लोक आले आणि त्यांनी वावरातल्या त्या मिसळ कापसातूनच 'रोझियम' हा वाण वेगळा काढला. धागा आखूडच, पण रुईचा उतारा भरपूर. सरकारने अखेर कास्तकाराचाच प्रश्न आपल्या चाचणीत घेतला, आणि मग तो वाण वऱ्हाडभर पसरला. मी मुलांना सांगायचो, इथे लिहून ठेवा: बी तेच होतं, प्रश्न बदलला म्हणून निकाल बदलला.

आता वांग्याकडे.

आमचं वावर अकोटच्या उत्तरेला, नरनाळ्याचा किल्ला दिसतो त्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. या पट्ट्यात विहिरीला गोड पाणी, म्हणून कोणी पानमळे केले, कोणी पानपिंपळी, कोणी संत्रा. आमच्याकडे विहिरीजवळच्या पट्टीत भाजीपाला असायचा आणि त्याची मालकी आजीकडे. तिचं वांगं जांभळं, मुठीत मावेल एवढं, देठाला चांगले काटे. काटे पाहिजेतच, बिनकाट्याचं वांगं वऱ्हाडी बाई आधी संशयाने बघते.

बी धरण्याची तिची रीत पक्की होती. पहिल्या तोड्याची फळं कधीच ठेवायची नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याच्या वेळी सगळ्या ओळींतून एक फेरी मारायची आणि ज्या झाडाचे शेंडे अळीने मोडले नाहीत, ज्याची पानं बारीक होऊन गुच्छ झाला नाही, ज्याची फळं एकसारखी आहेत, अशा झाडावरच्या एका फळाच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या वांग्याला हात लावला की पाठीत धपाटा ठरलेला. ते फळ झाडावरच पिवळं, मग तपकिरी होऊ द्यायचं. मग चिरून पाण्यात कोळायचं, तळाला बसलेलं बी घ्यायचं, तरंगणारं फेकायचं, राखेत घोळून सावलीत वाळवायचं. धुऱ्याकडच्या ओळीतलं बी ती घेत नसे. पलीकडच्या वावरात दुसरी वांगी असायची. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मी पुढे वाचलं, की वांग्याचं फूल स्वतःच्या परागाने फळतं, तरी भुंगे आणि रानमाश्या फुलाला धरून पंख थरथरवतात, पराग झटकतात आणि त्यातून परसंकर बऱ्यापैकी होतो. आजीला परसंकर हा शब्द ठाऊक नव्हता, धुरा ठाऊक होता.

मग या बियाण्याच्या चाचण्या कुठे झाल्या? आजीच्या लेकींच्या सासरी. वऱ्हाडात, खरं तर सगळीकडेच, भाजीपाल्याचं बी लेकीच्या पदराला बांधून हिंडलं आहे. हुंड्याच्या यादीत ते नसतं, म्हणून इतिहासातही येत नाही. मोठी आत्या दर्यापूरकडे दिली होती, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून गेलेला हा पट्टा ज्याने पाहिला नाही त्याला समजावणं अवघड. जमीन काळीभोर, खोल, बघून हेवा वाटावा अशी. आणि विहिरीचं पाणी खारट. पिकाला दिलं तर जमीन चोपण होते, निचरा संपतो. म्हणजे वांगं लावायचं तर पावसाच्या भरवशावर आणि नंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर. धाकट्या आत्याचे यजमान वनखात्यात होते, त्यांची नोकरी चिखलदऱ्याला. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत-बाहेर, चिखलदरा अकराशेच्या वर. खाली मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, वर लोक कॉफीची झाडं दाखवतात. अकोटहून दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येतं, पण वांग्याच्या दृष्टीने हे तीन वेगळे मुलुख आहेत.

निकाल दिवाळीला लागायचा, लेकी माहेरी आल्या की. मोठ्या आत्याचं म्हणणं, झाड गुडघ्याएवढंच राहतं, फळ लहान, साल जाड, आणि चव जराशी कडसर. पहिल्या वर्षी बरीच रोपं बसलीच. पण जी उरली त्यांच्यावरच तिने चिंध्या बांधल्या. असं करत करत तिचं वांगं आजीच्या वांग्यापासून दूर गेलं: बुटकं, लवकर येणारं, पाऊस थांबल्यावर ओलीवर दोन तोडे जास्त देणारं. ती ते बी परत अकोटला घेऊन आली तेव्हा आमच्या गोड्या पाण्यात त्या झाडाने काही विशेष केलं नाही. आजीचं त्याच्यापेक्षा दीडपट देत होतं. धाकट्या आत्याकडे पावसाने वाफेच वाहून जायचे. जी झाडं टिकली ती ऐन थंडीत नुसती उभी राहायची, फुलं गळायची. तिने शेवटी शेजारच्या कोरकू बाईकडून बी घेतलं आणि माहेरच्या वांग्याचा नाद सोडला. आजीने वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाली, "बी त देल्लं पोरीले, वावर कुठून देऊ?"

या एका वाक्यावर नंतर जगभर पुष्कळ शास्त्र लिहिलं गेलं. वांग्याच्या एका झाडावर निरनिराळ्या जातींची फुलं येतात. कुणाचा कुक्षीवृंत लांब, कुणाचा मध्यम, कुणाचा आखूड. फळ धरतं ते मुख्यतः लांब आणि मध्यम कुक्षीवृंताच्या फुलांतून. कोणत्या प्रकारची फुलं किती येणार हे वाणावर ठरतं, तसं ते उष्णतेवर, ओलीवर आणि झाडाला मिळालेल्या अन्नावरही ठरतं. म्हणून तेच बी एका ठिकाणी लगडतं आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं फुलून राहतं. रोगांचंही तसंच. कोकण-गोव्याच्या दमट, आंबट मातीत जिवाणूंमुळे झाड उभ्या उभ्या मरतं. देशावरची नावाजलेली वांगी तिथे या मरीला बळी पडतात, तर गोव्याच्या आगशीचं मोठं वांगं तिथे निभावून नेतं. आमच्याकडे ती मर एवढी नाही. आमचा वैरी शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. पावसाळी दमट हवेत ती माजते. आषाढात कांदेनवमीला वांगं खाऊन घ्यायचं, चातुर्मासात वर्ज्य करायचं आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करायचं. या दिवसाला वांगेसट म्हणतात ते उगाच नाही. धर्मशास्त्र काहीही म्हणो, पावसाळ्यात लावलेल्या वांग्याचा खरा बहर याच सुमारास असतो आणि अळीचा जोर तोवर काहीसा ओसरतो. पंचांगाने एक हंगाम निवडला होता.

महाराष्ट्रात म्हणूनच वांग्याला गावांची नावं चिकटली. पुण्याजवळच्या मांजरीचा गोटा, गोल, जांभळट-गुलाबी, पांढऱ्या रेषांचा. कृष्णाकाठची वांगी. जळगावचं हिरवं, मोठं, भरताचं वांगं, ज्याच्यासाठी आसोद्याच्या एका मंडळाने अर्ज केला आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खानदेशी माणूस ते कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतो. काड्या आमच्याकडेही त्याच, आम्ही त्यांना पऱ्हाटी म्हणतो, आणि बुलढाण्याच्या मलकापूर-नांदुऱ्याकडे भरिताची आवडही तीच. पण तिथून शंभर किलोमीटर पूर्वेला आलं की हिरवं वांगं बाजारात पडून राहतं आणि काटेरी जांभळं उचललं जातं. कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात ही सीमारेषा सापडत नाही, मात्र ठोक व्यापाऱ्याला ती गाडी भरताना पाठ असते.

आजी चिंध्या बांधत होती त्या काळात सरकारी चाचणीचं शास्त्रही घडत होतं, आणि त्यात मराठी माणसांचा मोठा हात आहे. १९२४ मध्ये इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांच्या हाताखाली वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली, मुख्यतः कापसासाठी. तिथे विनायक गोविंद पानसे यांनी वावरातल्या प्रयोगांना गणिताची शिस्त लावली. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्यांच्या जोडीला आले आणि १९५४ मध्ये दोघांचं शेती-प्रयोगांच्या सांख्यिकीवरचं पुस्तक निघालं. देशातल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्या त्याच्यावर शिकल्या. एका वावरातही माती सारखी नसते, म्हणून प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी लावायचा. कडेच्या ओळी मोजायच्या नाहीत. माहितीतला एक वाण तुलनेला ठेवायचा. प्रत्येक तोडा वजन करून लिहायचा, किडकी फळं वेगळी. आजी धुऱ्याकडची ओळ सोडत होती, पानसे-सुखात्मेही सोडायला सांगत होते. कारणं निराळी होती, सावधपणा एकच.

पुढचा प्रश्न होता तो अनेक ठिकाणांचा. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी बार्लीसाठी, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत एबरहार्ट आणि रसेल यांनी जी रीत मांडली ती आपल्या कृषी विद्यापीठांनी हातोहात उचलली. साध्या भाषेत ती अशी. दहा वाण पाच ठिकाणी लावा. प्रत्येक ठिकाणचं सगळ्या वाणांचं सरासरी उत्पन्न काढा, म्हणजे ते ठिकाण चांगलं की वाईट हे वाणांकडूनच कळतं. मग बघा, ठिकाण सुधारलं की कोणता वाण किती उसळी घेतो. जो सरासरीच्या पुढे उसळतो तो चांगल्या जमिनीचा, पैसेवाल्याचा वाण. जो वाईट जागी फार पडत नाही आणि चांगल्या जागी फार चढतही नाही तो हलक्या जागेचा सोबती. या गणितात आमच्या मोठ्या आत्याचं वांगं नेमकं ओळखता येतं.

ओळखता येतं, पण पुढे जात नाही. १९७०-७१ मध्ये अखिल भारतीय समन्वित भाजीपाला सुधार प्रकल्प सुरू झाला. देशाचे आठ विभाग पाडले; महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या निमकोरड्या लाव्हा पठाराच्या विभागात पडतो. पुढे सरकण्यासाठी वाणाला विभागात अनेक केंद्रांवर तुलनेच्या वाणापेक्षा सरस ठरावं लागतं. हेतू रास्त आहे. बियाणं देशभर विकायचं तर ते देशभर चाललं पाहिजे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'अरुणा', राहुरीची वांगी, अशाच वाटेने कास्तकारापर्यंत आली आणि त्यांनी अनेकांचे संसार चालवले. मात्र या चाळणीत एकाच जागी उत्तम आणि बाकी चार जागी सुमार असलेला वाण पहिल्याच फेरीत गळतो. राज्याचे नऊ कृषिहवामान विभाग आहेत. अकोला-अमरावतीचा बराच भाग त्यात 'खात्रीच्या पावसाचा प्रदेश' म्हणून नोंदला आहे. दर्यापूरच्या पारावर हे वाचून दाखवलं तर लोक हसतील. खारपाणपट्टा स्वतंत्र विभाग म्हणून त्या नऊंत नाही. जी जागा नकाशावर वेगळी नाही तिच्या वांग्याला वेगळी परीक्षा कोण देणार?

शेतकऱ्याने घडवलेल्या वाणाची सर्वांत गाजलेली परीक्षा मात्र विदर्भातच झाली, भाताची. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी रामाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वाढवल्या. बारीक, चवीला उत्तम तांदूळ निघाला. व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. तो वाण कोणत्याही सरकारी शिफारशीशिवाय, पिशव्यांतून आणि पाहुण्यांच्या हातून, राज्याच्या सीमा ओलांडून गेला. म्हणजे आधी प्रसार आणि मग चाचणी. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून पाच किलो बी नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित झाला. श्रेयाचा वाद पुढे बरीच वर्षं चालला. २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांची दखल घेतली, २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते गौरव झाला. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या गरिबीच्या बातम्या आल्या आणि बाजारात त्यांचा तांदूळ विकला जातच होता.

खोब्रागड्यांच्या वाणाला कायद्याचं छत्र नव्हतं, कारण कायदाच नव्हता. तो २००१ मध्ये आला: पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि बिगरब्रँडी विकण्याचा हक्क त्यात लिहिला आहे, आणि त्याने घडवलेला वाण त्याच्या नावावर नोंदता येतो, फी न भरता. मला त्यातली एक बारीक तरतूद फार आवडते. नोंदणीसाठी वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. एकसारखेपणा बघताना वेगळी निघालेली झाडं ठरावीक संख्येपर्यंतच चालतात. शेतकऱ्याच्या वाणाला मात्र त्याच्या दुप्पट सूट आहे. वावरातलं बी कधीही कारखान्यातल्यासारखं एकसारखं नसतं, आणि त्या थोड्या मिसळीतूनच आत्याला खारपाणाची झाडं सापडली, हे सरकारने एका आकड्यात का होईना मान्य केलं.

पण दोन कायदे शेजारी ठेवून बघा. भौगोलिक मानांकन जागा नोंदवतं: जळगावचं वांगं जळगावचंच. वाण नोंदणी बी नोंदवते: ते कुठेही लावलं तरी वाण तोच. आत्याचं वांगं या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतं. त्याचं मोल ना नुसत्या बियात होतं ना नुसत्या जागेत. त्या बियाने त्या जागेत काढलेल्या वर्षांत होतं. त्याचा दाखला देणारं कार्यालय अजून उघडलेलं नाही.

वांग्याची परीक्षा हा विषय देशभर पेटला तो २००९-१० मध्ये, बीटी वांग्यामुळे. जालन्याच्या महिको कंपनीने अळीला मारणारा जनुक वांग्यात घातला होता. १४ ऑक्टोबर २००९ ला जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या ठेवल्या. जानेवारी २०१० मध्ये त्यातली एक नागपूरला झाली. ९ फेब्रुवारीला स्थगिती आली. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच तंत्रज्ञान स्वीकारलं. विषारी की बिनविषारी या वादात मी इथे पडत नाही. इतिहासाच्या मास्तराला त्यात दुसरीच गोष्ट दिसली. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ज्या वांग्यांत हा जनुक आणायला घेतला त्यांच्या यादीत मांजरी गोटा होता, उडुपीचं गुळ्ळ होतं, मालापूर, कुडची, रबकवीची गावठी वांगी होती. म्हणजे प्रयोगशाळेलाही शेवटी गावाची नावं लावलेली वांगीच लागली, कारण त्या गावचे लोक दुसरं खात नाहीत. जनुक एकच आणि अंगरखे स्थानिक. मग ही स्थानिक वाणं घेण्याआधी जैवविविधता कायद्याप्रमाणे परवानगी घेतली का, हा प्रश्न उठला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. वांग्याच्या मागे गाव असतं, हे पहिल्यांदा वकिलांच्या कागदांत आलं.

अकोल्यालाच राष्ट्रीय वनस्पती अनुवंश संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र आहे, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनचं. गावोगावचं बी गोळा करायचं, त्याला क्रमांक द्यायचा, दिल्लीच्या बँकेत उणे अठरा अंशांवर ठेवायचं, हे त्या व्यवस्थेचं काम, आणि ते मोलाचं आहे. पण शीतपेटीतलं बी जिथे थांबलं तिथेच थांबतं. त्याला पुढचा दुष्काळ, पुढची अळी, पुढचं खारट पाणी भेटत नाही. आत्याचं वांगं दरवर्षी परीक्षेला बसत होतं, म्हणून ते खारपाणाचं झालं. आत्या गेली, तिच्या सुनेने पाकिटातलं संकरित बी आणलं, आणि ती परीक्षा त्या वर्षी बंद पडली. संकरित वाणात खोट होती असं नाही; दुपटीने माल निघाला. फक्त दरवर्षी नवं पाकीट आणायचं म्हटल्यावर चिंधी बांधायचं कारण उरलं नाही.

या सगळ्यातून माझी मागणी साधी आहे. दर डिसेंबरात पंजाबरावांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ तारखेच्या सुमारास अकोल्याला विद्यापीठात कृषी प्रदर्शन भरतं. पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. दिल्लीत कृषिमंत्री असताना त्यांनी १९५९-६० मध्ये जागतिक कृषी मेळा भरवला. जगाला मांडवात आणणाऱ्या माणसाच्या नावाच्या प्रदर्शनात एक मांडव गावठी वांग्यांचा असावा. पण तिथे सर्वांत मोठ्या वांग्याला बक्षीस नको. ज्याने बी राखलं आहे त्याच्याकडून एकेक मूठ घ्यावी आणि पुढच्या खरिपात ती तीन ठिकाणी लावावी: एक अकोटकडे गोड्या पाण्यावर, एक दर्यापूरकडे खारपाणात, एक मेळघाटात वर, चिखलदऱ्याकडे. लावणी कास्तकारांच्याच वावरात, चिठ्ठ्या टाकून, पानसे-सुखात्म्यांच्या शिस्तीत. वजन विद्यापीठाने करावं. चवीचा निकाल भंडाऱ्याच्या चुलाण्यावर उभ्या राहणाऱ्या बायांनी द्यावा आणि तो तक्त्यात त्यांच्या नावानिशी छापावा. आणि शेवटी सरासरी काढून दोन वाण पास, अठरा नापास असं करू नये. प्रत्येक वाणापुढे तो कुठे चालला ते गाव लिहावं.

यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठं अनुदानही लागत नाही. विद्यापीठाकडे शास्त्र आहे, ब्यूरोकडे बी आहे, आणि खारपाणपट्ट्याला परीक्षा देण्याचा अनुभव आहे. मँचेस्टरचा प्रश्न बाजूला ठेवून कास्तकाराचा प्रश्न विचारायला वऱ्हाडच्या शेतीखात्याला कापसाच्या बाबतीत अर्धं शतक लागलं. वांग्याला तेवढी सवड नाही. बी राखणाऱ्या बाया आता सत्तरीच्या पुढे आहेत.